रंग, चव, वास आणि गणित

वजूच्या पाण्याचा नियम लहानपणी मौलवीसाहेबांनी आपल्यापैकी बहुतेकांना शिकवला असेल. घाण मिसळून पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला, तर ते पाक राहत नाही. ही कसोटी शेकडो वर्षं पुरली. पण पाण्यात विरघळलेलं शिसं किंवा आर्सेनिक ना डोळ्यांना दिसतं, ना जिभेला कळतं, ना नाकाला.

आमच्या इंदापूर तालुक्याला ही काळजी परकी नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि उजनीच्या जलाशयात साठतं. वरच्यांनी सोडलेलं खालच्यांच्या वाट्याला येतं.

असं न दिसणारं विष धरून ठेवणारे नवे पदार्थ आता तयार होत आहेत. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आतून पोकळ जाळी बांधतात. काही जाळ्या पाण्यातले धातू पकडतात, काही धुरातला कार्बन डायऑक्साइड, तर काही हायड्रोजनसारखं स्वच्छ इंधन साठवतात. या कामासाठी 2025चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि उमर याघी यांना मिळालं.

अडचण अशी की अशा हजारो जाळ्या शक्य आहेत. प्रत्येक बनवून तपासायची तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून आधी संगणकावर गणित मांडतात. शिशाचा कण या पोकळीत बसला तर ऊर्जा किती कमी होईल? जेवढी जास्त कमी होईल, तेवढी पकड घट्ट. पकड सैल असेल तर पाण्याचेच रेणू ती जागा बळकावतात. फारच घट्ट असेल तर जाळी धुऊन पुन्हा वापरता येत नाही. या चाळणीतून उरलेल्या थोड्याच जाळ्या प्रयोगशाळेत जातात. अशा गणितांना लागणारा महासंगणक आपल्यापासून दूर नाही. सीडॅकने बांधलेला ‘परम ब्रह्म’ 2019पासून पुण्याच्या आयसरमध्ये आहे.

याघी अम्मानमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात वाढले. एका खोलीत सगळं घर, शेजारी गुरं, आणि नळाला रोज पाणी नाही. त्याच माणसाने पुढे वाळवंटातल्या हवेतून पाणी काढणारी जाळी बनवली.

मी बारामतीत उर्दू आणि मराठी शिकवतो. गणितात हुशार असलेल्या आमच्या कितीतरी मुली दहावीनंतर विज्ञान सोडतात. “सायन्स इंग्रजीत आहे सर, कॉलेजही लांब आहे,” असं पालक सांगतात. त्यांची अडचण खरी आहे. पण ऊर्जेचं ते गणित उर्दूत समजलेल्या मुलीला इंग्रजी शब्द वर्षभरात येतात. गणितच सुटलं तर मात्र ते परत धरणं फार अवघड जातं.

संगणक सांडपाण्याचा नाला बंद करणार नाही. ते काम नगरपालिकेचं, कारखान्यांचं आणि आपल्या मतांचं आहे. मुलीचा अकरावीचा फॉर्म भरणं मात्र आपल्याच हातात आहे. इल्म हासिल करणं फर्ज आहे असं आपण म्हणतो. तो फॉर्म भरताना हे आठवलं, तरी पुष्कळ झालं.