आण्णांच्या बैठका

आपल्या घरी एखादे वयोवृद्ध पैलवान असतील, तर त्यांचे कान आपण पाहिलेच असतील. माझ्या वडिलांचे, आण्णांचे, दोन्ही कान सुकलेल्या अंजिरासारखे आक्रसलेले आहेत. तालमीत कान सतत घासला, दाबला गेला की कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठते. ते पहिल्या काही दिवसांत काढून टाकले नाही, तर कूर्चेचे पोषण तुटते आणि कान गाठाळ, कडक होतो. तरुणपणी ही मिरविण्याची खूण असे. ऐंशीव्या वर्षी श्रवणयंत्र घ्यायला गेलो, तेव्हा ते या कानांत बसेना; कानामागे अडकविण्याचे यंत्रही सारखे निसटे. यंत्र बसविणारा तरुण खजील झाला होता आणि आण्णा मात्र हसत होते.

आण्णांचे नाव आपण ऐकलेले नसणार. आमच्या गावापासून जवळच खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आहे. 1952 साली त्यांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. तिकडे सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने 1964 साली हिंदकेसरी झाले. आण्णा यांपैकी कोणी नव्हते. ते मधल्या फळीचे पैलवान होते. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या संपल्यावर आणि शेवटची मोठी निकाली कुस्ती लागण्यापूर्वी हलगीच्या तालावर ज्यांच्या जोडी लागत, त्यांतले एक. पुसेगाव, पाल, औंध, कुंडल. यात्रा संपली की एस.टी.ने पुढच्या गावाला. पिशवीत लांग, टॉवेल आणि बदामाची पुरचुंडी. कधी पंचवीस रुपये इनाम, कधी पन्नास. कुस्ती बरोबरीत सुटली की इनाम दोघांत वाटले जाई. अशी सोळा वर्षे गेली. नामांकित मल्लांना सरकारी मानधन असते. मधल्या फळीला ते कोठून असणार? पण अशा शेकडो मल्लांवाचून एकही मैदान भरले नसते, असे मला वाटते. (हे मी आण्णांसमोर बोलत नाही, ते लगेच हरलेल्या कुस्त्या मोजू लागतात.)

छत्तिसाव्या वर्षी उजवा गुडघा दगा देऊ लागला आणि आण्णांनी लंगोट खुंटीला टांगला. खुराक मात्र खुंटीला टांगला गेला नाही. दोन शेर दूध, तूप, थंडाई चालूच राहिली. रोज हजार बैठका मारणाऱ्या देहाला जे पचत होते, ते शेताच्या बांधावर उभ्या राहणाऱ्या देहाला कसे पचावे? वजन वाढले, पन्नाशीत मधुमेह निघाला, आणि त्या वाढलेल्या वजनाचा सगळा भार झिजलेल्या गुडघ्यांवर आला. आपल्या घरातला तरुण पैलवान कुस्ती सोडत असेल, तर त्याचा आहार व्यायामाबरोबर हळूहळू उतरवायला हवा, हे त्या काळी आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी, "आता बैठका बंद," असे सांगितले. मी त्याचा अर्थ 'व्यायाम बंद' असा घेतला आणि पोलिसासारखी पहारा देऊ लागले. आण्णा पहाटे चारला उठून अंधारात दाराला धरून बैठका मारीत. मी दाराशी अंथरूण टाकून झोपू लागले. ते गप्प झाले. दिवसभर खाटेवर बसून राहू लागले. सहा महिन्यांत त्यांच्या मांड्या एवढ्या वाळल्या, की शौचालयातून स्वतःहून उठता येईना. एका पहाटे ते तेथेच पडले. हाड मोडले नाही, हे दैव. मी हात द्यायला गेले तेव्हा त्यांनी तोंड फिरविले. "चितपट झालो," एवढेच म्हणाले.

त्यानंतर भेटलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला समजावले: खोल बैठक या गुडघ्यांना नको, पण मांडीच्या स्नायूंना काम हवेच, स्नायू आटले की गुडघा अधिकच उघडा पडतो. त्यांनी भक्कम, उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायला सांगितली. तीवरून हाताचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे, सुरुवातीला पाच वेळा. बसल्या जागी पाय सरळ करून दहा अंक मोजेपर्यंत धरणे. शौचालयात पकडीला दांडी आणि उंच आसन. आपल्या माणसासाठी हे करण्यापूर्वी त्याचे गुडघे, रक्तदाब आणि हृदय डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आण्णांनी खुर्चीकडे पाहून नाक मुरडले. "ही बायकांची बैठक." मग मी मोजायला बसले. पाचव्या वेळी त्यांचा श्वास चढला, आणि सहाव्या वेळी, मी थांबा म्हणत असतानाही, त्यांनी मांडीवर शड्डू ठोकला. आज ते दोन वेळा पंधरा-पंधरा करतात. दूध एक पेला, साय काढून. त्यावरची कुरबूर अजून संपलेली नाही.

गेल्या महिन्यात शेजारचा तालमीत जाणारा मुलगा आण्णांच्या पाया पडायला आला. त्याचा डावा कान सुजून चकाकत होता आणि त्याचा त्याला अभिमानही वाटत होता. आण्णांनी चष्मा लावून तो कान बराच वेळ न्याहाळला. मग त्याला खाटेवर बसवून आपल्या कानामागचे यंत्र काढून दाखविले आणि मला म्हणाले, "गाडी काढ. दवाखाना सातला बंद होतो."