जेवणावळ, तारप्यासह

विरार म्हटलं की मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढं गाव उभं राहत नाही, गाडी उभी राहते! 1867 साली विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली, 1936 साली विजेची गाडी इथवर पोचली, आणि तेव्हापासून हे नाव पाटीवर वाचायचं आणि गर्दीला भ्यायचं, एवढाच पुष्कळांचा विरारशी संबंध. स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून रिक्षेनं थोडं पुढं गेलं की इमारती विरळ होतात आणि केळीच्या बागा, पानवेली, बावखलं आणि शेवटी सुरूची बनं लागतात, हे सांगितलं तर समोरचा गृहस्थ आपण जागा विकायला आलो आहोत अशा नजरेनं पाहतो.

या किनाऱ्यावर, अर्नाळ्यापासून राजोडी-कळंबपर्यंत, पर्यटकांसाठी निवासं झाली त्याला आता बरीच वर्षं लोटली. हल्ली त्यांतल्या काही ठिकाणी ‘थीम डिनर’ नावाचा एक नवा प्रकार निघाला आहे. म्हणजे आपण जेवायचं आणि आपल्याभोवती एक गाव नाचत-गात राहायचं. जयपूरला 1989 साली ‘चोखी ढाणी’ निघाली, तिनं ही कल्पना घरोघरी पोचवली. पाठोपाठ कुठं राजवाडे, कुठं धाबे, कुठं कोळीवाडे उभे राहिले. तशा एका ठिकाणी गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब गेलो. निमित्त धाकटीचं. तिच्या चित्रकलेच्या वहीत वारली चित्र काढायचं होतं, आणि ‘तारपा नृत्य व अस्सल गावरान भोजन’ अशी जाहिरात आमच्या सौभाग्यवतीच्या दृष्टीस पडली. एका खर्चात अभ्यास आणि जेवण दोन्ही उरकतात म्हटल्यावर कोणती गृहिणी गप्प बसेल?

मंडळीत आत्याही होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. जव्हार-विक्रमगडकडच्या शाळांतून त्यांनी उभी नोकरी काढली. त्यामुळे त्या पाहुण्या म्हणून आल्या असल्या तरी परीक्षक म्हणून बसणार, हे मला प्रवेशद्वाराशीच कळून चुकलं. शेणानं सारवल्यासारख्या रंगवलेल्या सिमेंटच्या भिंतीवर त्यांनी एक बोट टेकलं, ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

जेवणाबद्दल मात्र तक्रारीला जागा नव्हती. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट पानात येत होती. वाडवळांची उकडहंडी होती. मडक्यात शिजलेले कंद, पापडी, रताळी. आगाशीचं भुजिंग होतं. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि पोहे यांचं हे लग्न आगाशीकरांनी लावलं, आणि ते चांगलंच टिकलं आहे. शेवटी सुकेळी. वसईच्या राजेळी केळ्यांची वाळवून केलेली ही मधासारखी चीज कार्तिकात निर्मळच्या जत्रेला गेलं की हमखास मिळते. खरं म्हणजे खाणं आणि तमाशा एकत्र पाहायची आपली जुनी जागा जत्राच. फरक इतकाच, की जत्रेत कोणी आपल्याला खुर्ची देत नाही.

इथं खुर्ची होती, आणि खुर्चीसमोर रंगमंच. आधी कोळीनृत्य झालं. मग वसईचं ख्रिस्ती लग्न. तांबडं लुगडं नेसलेल्या बायका बॅंडच्या तालावर ‘उंबराचं पाणी’ आणायला निघाल्या आणि मागच्या नळावर कळशी भरून परत आल्या. आमच्या शेजारच्या मेजावर नंदाखालचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांतल्या आजीबाईंना हसू आवरेना. “आमच्याकडे विहिरीवर जातात हो, आणि अख्खी आळी बरोबर असते,” त्या आमच्या सौ.ना म्हणाल्या. पण बॅंड बरा होता, हेही त्यांनी कबूल केलं आणि दोन्ही पायांनी ताल धरला.

मग तारपा आला. चित्रातच पाहिलेलं हे वाद्य समोर येतं तेव्हा त्याचा आकार पाहून दबकायला होतं. दुधी भोपळ्याचं पोट, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढं ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. वाजवणारा गालात हवा साठवून नाकानं श्वास घेत राहतो, त्यामुळं सूर मुळी तुटतच नाही. भात पिकायला लागलं की पाड्यापाड्यावर तो बाहेर निघतो आणि रात्र-रात्र चालतो. मधोमध तारपेवाला, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून बाया-बापे, सूर बदलला की पाऊल बदलतं. आणि नाचणाऱ्यानं तारप्याकडे पाठ करायची नाही, हा नेम. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतली ती गोल गोल वळत जाणारी माणसांची साखळी आठवा. तिला कुठली बाजू समोरची म्हणाल?

हीच तर अडचण होती. जाकिटातल्या सूत्रसंचालकानं दोन मिनिटांतच ध्वनिक्षेपकावरून सूचना केली, “तोंड प्रेक्षकांकडे करा, प्रेक्षकांकडे!” कडं उघडलं. आठ माणसं शाळेच्या फोटोसारखी एका ओळीत आली. तारपेवाला कडेला सरकला, आणि सगळ्यांची पाठ त्याच्याकडे झाली. नाच चालूच होता, पण पावलं चुकू लागली. चुकणारच! ज्याच्याकडे पाहून पाऊल टाकायचं तोच पाठीमागं.

“हा नाच बघायचा नसतोच मुळी,” आत्या म्हणाल्या, “नाचायचा असतो. बघणारे असे वेगळे नसतात. आमच्या शाळेमागं चालायचा तेव्हा दमलेला बाहेर बसे, बसलेला आत जाई.”

आमचे थोरले चिरंजीव महाविद्यालयात जातात, त्यामुळे त्यांना सर्वच गोष्टींत शोषण दिसतं. “हे बंदच केलं पाहिजे,” त्यांनी भाकरी मोडता मोडता निकाल दिला. माझं मन तिकडंही वळेना. तेवढ्यात कार्यक्रमातला ठरलेला शेवट आला. पाहुण्यांनी दोन मिनिटं नाचात सामील व्हायचं, फोटो काढायचे, आणि मग सिनेमाची गाणी.

धाकटी पहिली उठली. तिच्यामागून दहा-बारा मुलं, मग त्यांना सांभाळायला आया, मग नंदाखालच्या आजीबाई. इतकी माणसं रंगमंचावर मावेनात तेव्हा नाचणारी मंडळी खाली वाळूत उतरली, आणि ओळीला जागा पुरेना म्हणून ती आपोआप वळली. कडं पुरं झालं. तारपेवाला मधोमध गेला. सूत्रसंचालक दोनदा खाकरला, पण त्या सूराला मध्येच थांब म्हणायला फट सापडेना. वीस मिनिटं तो नाच चालला. पाऊल सोपं नाही. पण शेजारचीच्या कमरेला हात असला की चुकणारं पाऊल तीच ओढून नेते. मेजांवर भुजिंग थंड होत होतं, आणि ते थंड होऊ दिल्याबद्दल कोणाची कुरकुर ऐकू आली नाही.

नंतर आत्या मागच्या अंगाला गेल्या, त्यांच्याबरोबर मीही. मंडळी विक्रमगडच्या बाजूची. दिवाळी संपली की तिकडच्या पाड्यांवरची पुष्कळ कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या आठांपैकी दोघं तीन हिवाळे भट्टीवर गेले नव्हते, ते या शनिवारांच्या जोरावर. मुलगी शाळेत टिकली, असं त्यांतल्या एकीनं सांगितलं. हे ऐकल्यावर ‘बंद करा’ म्हणणं मला तरी जमणार नाही. त्यांनी मालकाकडे मागितलं होतं तेही फार नव्हतं. सहा मिनिटांऐवजी अर्धा तास, आणि रंगमंचाऐवजी खालची वाळू. त्यावर ‘विचार करू’ असं उत्तर मिळालं होतं. निघताना अभिप्रायाच्या वहीत आत्यांनी या दोन मागण्या वळणदार अक्षरांत, क्रमांक घालून लिहिल्या. खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. नंदाखालच्या आजीबाईंनी तिसरी मागणी जोडली: पाणी विहिरीवरून आणावे.

“जेवलात का?” आत्यांनी तारपेवाल्याला विचारलं. पाहुण्यांची पानं उठल्यावर त्यांची मांडतात, असं कळलं. तोवर साडेअकरा वाजायला आले होते. जीप फाटकाशी उभी होती. म्हाताऱ्यानं तारपा जुन्या धोतरात गुंडाळला, आडवा मांडीवर घेतला आणि धाकटीला त्याचा भोपळा बोटानं वाजवून पाहू दिला. हा परसातल्याच वेलाचा, तो म्हणाला. आकार चांगला येईपर्यंत तोडायचा नाही. आत्यांनी पिशवीतली सुकेळ्यांची पुडी जीपच्या खिडकीतून आत दिली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या, त्यावर मागची सगळी बाकं हसली.