पाटाच्या कडेची वाट

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्ही तिघे माजी विद्यार्थी एका प्रवासाच्या तयारीत होतो. प्रवरेच्या काठाने, शक्यतो डांबरी रस्ता टाळून, अकोल्यापासून प्रवरासंगमापर्यंत तीन दिवसांत सायकलने जावयाचे ठरले होते. गेल्या जानेवारीत तो प्रवास झाला. त्याचाच हा वृत्तांत. त्यात एक कबुलीही आहे. ती द्यावयास आम्हाला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

कच्च्या रस्त्यांसाठी अलीकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची वेगळी सायकल मिळते. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद, आणि त्यांत हवा बेताचीच. असा टायर खड्यावरून उसळत नाही व सुट्या मुरमावर त्याची पकड चांगली राहते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्स या गवताळ टेकड्यांमध्ये अशा खडीच्या वाटांवर सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत भरते. २००६ साली सुरू झालेल्या या शर्यतीसाठी आता जगभरचे सायकलस्वार तेथे जातात. आपल्या जिल्ह्यात तर शिवरस्ते, पाणंदी, गाडीवाटा आणि पाटाच्या कडेचे मुरमाचे रस्ते गावोगावी आहेत. त्यांवरून मौजेसाठी कोणी जात नाही, एवढेच.

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. वर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, खाली १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण, आणि दक्षिणेला प्रवरा व मुळा यांची खोरी वेगळी करणारी बाळेश्वराची डोंगररांग. पहिल्या दिवशी आम्ही या रांगेच्या पायथ्याशी असलेल्या टेकाडांवरून वर-खाली करीत संगमनेरला आलो. चढ फार मोठे नव्हते, पण एक संपला की दुसरा समोर येई. बाभळीच्या काट्यांनी दोनदा पंक्चर झाले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील आमच्या गुडघ्यांनी त्या रात्री आपले म्हणणे स्पष्टपणे मांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोर्वे लागले. येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. पुढे ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावा व उजवा असे दोन्ही कालवे सुटतात. तेथून आम्ही पाटाच्या कडेची वाट धरली. ही वाट मुळात पाटकऱ्यांसाठी आणि देखभालीसाठी. पाटाला उतार अगदी थोडा असतो म्हणून वाटेलाही चढ जवळजवळ नाही. पाणी वळेल तशी वाट वळते. एका बाजूला आवर्तनाचे पाणी वाहत होते, दुसऱ्या बाजूला तोडणीला आलेला ऊस उभा होता.

या वाटेवर आम्ही तिघेही फार बोललो नाही, कारण ही वाट आम्हाला नवी नव्हती.

१९९१ साली आम्ही नववीत होतो. वसतिगृहाच्या दोन सायकली होत्या. कॅरिअरला दळणाचा डबा बांधून, दोन सायकलींवर तिघे, असे आम्ही रविवारी गिरणीवर जात असू आणि येताना पाटाच्या वाटेने मुद्दाम लांबून येत असू. आमच्यापैकी एकाचे आईवडील पाथर्डी तालुक्यातील. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन ते या सुपीक खोऱ्यात ऊस तोडावयास येत, ते पट्टा पडेपर्यंत कोपीत राहत. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने झाले. त्यांची धुराडी पेटली की पाथर्डी-शेवगावकडची गावे निम्मी ओस पडतात. मुलाने कोयता हाती घेऊ नये म्हणून त्याच्या आईने त्याला जूनमध्ये स्वतः आणून आपल्या वसतिगृहात सोडले होते. तिच्या फडक्यातील शेंगदाण्याचे लाडू आम्ही सर्वांनी खाल्ले होते.

त्या रविवारी आमच्याबरोबर गावातील बागायतदारांची दोन मुले होती. समोरून उसाने भरलेली बैलगाडी आली. गाडीमागून ती चालत होती. पाचटाने अंग ओरखडलेले, डोक्याला फडके, हातात कोयता. तिने आम्हाला ओळखले आणि हात वर केला. आमच्या मित्राने मान खाली घातली व जोराने पेडल मारले. पुढे गेल्यावर गावातील मुलाने विचारले, “ओळखीची होती का रे?” तो म्हणाला, “नाही.” आम्ही दोघे सर्व जाणत होतो. आम्हीही थांबलो नाही, आणि काही बोललोही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वंदनेत चौथ्या शीलापाशी त्याचा आवाज अडखळला. आम्ही दोघांनी ते शील नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटले, हे आज आठवले की अधिक लाज वाटते.

या जानेवारीत त्याच वाटेवर, एका वळणावर, दहा-बारा कोप्या दिसल्या. मित्राने ब्रेक दाबला. आम्ही उतरलो. मोठी माणसे फडावर गेली होती. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा धाकट्या बहिणीला सांभाळत बसला होता. सायकलीचे टायर त्याने बोटांनी दाबून पाहिले आणि विचारले, “हवा कमी हाय का?” कमीच ठेवायची असते, असे सांगितल्यावर त्याला ते पटले नाही. मित्राने सीट खाली करून त्याला सायकल दिली. पाटाच्या कडेने तो दूरवर गेला आणि परत आला, तेव्हा बहीण टाळ्या वाजवीत होती. शाळेविषयी विचारले तर म्हणाला, “शाळा गावाकडं हाय. हितं न्हाई.” दुपारी त्याचे वडील आले. आम्ही त्यांना आपल्या शाळेचा पत्ता एका कागदावर लिहून दिला. त्यांनी तो घडी करून टोपीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी बेलापूर मागे टाकून आम्ही दायमाबादला थांबलो. प्रवरेच्या काठावरील या पांढरीच्या टेकाडात १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार कांस्यशिल्पे सापडली. हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडी जुंपलेला रथ. रथात एक माणूस उभा आहे. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु अनेकजण ती साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. टेकाडावर आता पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. खालच्या रस्त्याने उसाची एक बैलगाडी चालली होती. मित्र बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. त्याला त्या रथाचे काही वाटत होते की नाही, हे आम्ही विचारले नाही.

नेवासे ओलांडून संध्याकाळी प्रवरासंगमाला पोहोचलो. येथे प्रवरा गोदावरीला मिळते. घाटाच्या पायरीवर बसून मित्राने गावी आईला फोन लावला. आता ती सत्तरीच्या पुढे आहे. ऊसतोड सोडून बरीच वर्षे झाली. त्याने तिला तो रविवार सांगितला. आम्ही दोघे शेजारीच होतो आणि फोनचा आवाज मोठा होता.

ती म्हणाली, “तवाच कळलं होतं मला. पोरगं सायकल चालवतंय, ह्याचंच लई बरं वाटलं. आन् थांबला असतास, तर गाडी खोळंबली म्हनून मुकादम माझ्यावरच वरडला असता.” मग थोडे थांबून तिने विचारले, “ते दोघं बरोबर हायेत का? त्यांना म्हनावं, लाडू पाठवते.”

आम्हाला काही बोलता आले नाही. अंधार पडू लागला होता, आणि मुक्कामाची जागा अजून दूर होती.

शाळेने आम्हाला पुष्कळ दिले. त्याची यादी या स्मरणिकेत इतरांनी केलीच असेल. आमची एवढीच विनंती आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पाथर्डीकडचा एखादा मुलगा टोपीतला, घडी पडलेला कागद घेऊन आलेल्या वडिलांबरोबर उभा दिसला, तर त्याला कागदपत्रांच्या उणिवेसाठी परत पाठवू नये. बहिणीचीही चौकशी करावी. आमच्या तीन सायकलींपैकी एक आम्ही वसतिगृहाला देत आहोत. तिच्या टायरमधील हवा कमी का ठेवावयाची, हे तो मुलगा इतरांना सांगू शकेल.