इंदिरानगरातली शपथ

बंगळुरूच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्यावर हॉटेलांची आणि दुकानांची दाटी आहे. डिफेन्स कॉलनीकडे वळलं की झाडांची सावली लागते, गलका मागे पडतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही वसाहत आखली गेली, तिला नाव मिळालं इंदिरा गांधींचं आणि सुरुवातीच्या बंगल्यांत राहायला आले ते बरेचसे सैन्यातले लोक. त्यांची शपथ मात्र कुणा नेत्याच्या नावाची नव्हती. संविधानाशी इमान राखण्याची होती. जर्मन सैनिकांना ऑगस्ट १९३४पासून थेट हिटलरच्या नावाने शपथ घ्यावी लागली. त्याचे भोग जगाने भोगले.

२५ जून १९७५ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांनी सैन्याला आणि पोलिसांना बेकायदा हुकूम न पाळण्याचं आवाहन केलं. सरकारने त्यालाच चिथावणी ठरवून आणीबाणीचं समर्थन केलं. पण १९५०च्या आर्मी अ‍ॅक्टचं ४१वं कलम काढून बघा. तिथे गुन्हा आहे तो वरिष्ठांचा कायदेशीर हुकूम मोडण्याचा. जेपी कायद्याबाहेरचं काही मागत नव्हते, असं माझं ठाम मत आहे.

इंदिरानगरहून मेट्रोने हलसूर, ट्रिनिटी मागे टाकत निघालं की विधानसौधाजवळ डॉ. आंबेडकरांच्या नावाचं स्टेशन लागतं. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ला दिला होता. पुढच्या स्टेशनवर उतरून फ्रीडम पार्क गाठलं. पूर्वीचं हे मध्यवर्ती कारागृह. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूत आलेले वाजपेयी, अडवाणी आणि आपल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना इथे डांबलं होतं. प्रमिलाताई दंडवते तेव्हा येरवड्यात होत्या. नवराबायको दोन तुरुंगांत, आणि दाद मागायची कुठे? २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयातल्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी तो दरवाजाही बंद केला. एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले.

या सगळ्यात सैन्य छावणीतच राहिलं. मार्च १९७७मध्ये इंदिराजी हरल्या, सत्ता शांतपणे हातातून हातात गेली, दंडवते रेल्वेमंत्री झाले. लष्करप्रमुख जनरल रैना आणीबाणी लागण्याआधी काही आठवडे पदावर आले होते. नव्या सरकारातही तेच प्रमुख राहिले.