विकतचा गारवा

नाशिकच्या कित्येक जुन्या वाड्यांना तळघर असे. वैशाखातही तिथे गारवा मिळे, आणि त्याचे बिल येत नसे. सदनिकेत राहणाऱ्याला मात्र तो दुकानातून आणावा लागतो.

माझ्यावर ही पाळी वाइनमुळे आली. २००० साली सुलाची पहिली वाइन निघाली. पुढे इकडचे कितीतरी बागाईतदार वाइनच्या द्राक्षांकडे वळले. माझा पुतण्या त्यांतलाच. आपल्या द्राक्षांच्या पहिल्या तांबड्या वाइनच्या बारा बाटल्या माझ्या हवाली करून तो म्हणाला, "काका, पाच वर्षं सांभाळा."

वाइनला १२-१३ अंश सेल्सिअसचा गारवा, अंधार आणि स्वस्थता हवी. स्वयंपाकघरातला फ्रिज चारेक अंशांवर चालतो. शिवाय त्यातल्या कोरड्या हवेत बुचे कालांतराने सुकतात आणि बाटलीत वारा शिरतो. दुकानदाराने एक स्वस्त, मुके कपाट दाखवले. त्यात कॉम्प्रेसर नव्हता. असले कपाट खोलीपेक्षा काही ठरावीक अंशच थंड होते. नाशिकचा पारा एप्रिलात चाळिशीला टेकला, म्हणजे त्याने काय करावे? मी कॉम्प्रेसरचे, काळसर काचेचे घेतले.

"माणसांना पंखा, नि बाटल्यांना थंडी!" सौभाग्यवती म्हणाली. तिचे खोटे नाही. पण भाव पडला की द्राक्षे मातीमोल होतात, हे पाहिलेल्या पोराने धाडसाने लावलेली ती बाग आहे. तिची खरी चव त्याला कळली पाहिजे. वाइन गोड लागो वा आंबट. दोष द्राक्षांचा की आमच्या उन्हाळ्याचा, हा वाद तरी उरू नये.