पाऊस आधी की कपडे आधी?

शब्द तिला ढिगानं येत होते. चीनमधल्या शाळेत वह्या भरभरून पाठ केलेले. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अर्थ. कुठलाही विचारा, उत्तर तयार. चौदा वर्षांची ही मुलगी आईबरोबर सिंगापूरला आमच्या शेजारी राहायला आली ती एईआयएस नावाच्या परीक्षेसाठी. परदेशी मुलांना इथल्या सरकारी शाळेत शिरायचं तर ती द्यावी लागते आणि तीत विषय दोनच, इंग्रजी आणि गणित. गणिताची काळजी नव्हती. इंग्रजीसाठी मात्र तिची आई एका संध्याकाळी संत्र्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी सांगलीची, मराठी माध्यमातली, इंग्रजी पाचवीपासून शिकलेली. पण तिच्या हिशेबी भारतीय बाई म्हणजे इंग्रजी येणारच. दुसऱ्या दिवसापासून मी दोघींचीही ‘लाओशी’ झाले, म्हणजे मास्तरीणबाई.

घोडं कुठे अडतंय ते एका म्हाताऱ्याच्या उताऱ्यावर कळलं. त्यात वाक्य होतं, ‘बाय द टाइम द रेन बिगॅन, ही हॅड टेकन इन द वॉशिंग.’ प्रश्न होता, कपडे भिजले का? तिनं ठणकावून सांगितलं, भिजले. वाक्यातला एकूण एक शब्द तिला येत होता, तरी भिजले! मी तिला खिडकीशी नेलं. इथल्या सरकारी इमारतींत खिडकीबाहेर आडव्या काढलेल्या बांबूंवर कपडे वाळत घालतात. पावसाचा थेंब पडला की सगळ्या मजल्यांवर एकच धांदल. समोरच्या बिल्डिंगकडे बोट दाखवून विचारलं, त्या बाईचे कपडे कधी भिजतील नि कधी वाचतील, सांग. ते तिनं अचूक सांगितलं. मग परत वाक्यावर आलो तेव्हा तिचा गोंधळ मला दिसला. वाक्यात पाऊस आधी आला होता, म्हणून तिच्या लेखी तो पडलाही आधी. चिनीत क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. कधी घडलं ते ‘काल’, ‘आधी’ अशा शब्दांवरून किंवा क्रियापदाला जोडलेल्या एखाद्या अक्षरावरून समजतं, आणि हकिगत बहुधा जशी घडली त्याच ओळीनं सांगितली जाते. ‘हॅड’ ती वाचत होती, पण तो तिच्या दृष्टीनं ताटातल्या लोणच्यासारखा. असला काय नि नसला काय.

मग आम्ही चिठ्ठ्या केल्या. उताऱ्यातली एकेक घटना एका चिठ्ठीवर लिहायची आणि घडली त्या क्रमानं टेबलावर मांडायची. ‘हॅड’ दिसला की चिठ्ठी डावीकडे सरकवायची, एवढाच नियम. व्याकरणाच्या पुस्तकात याला भारदस्त नाव आहे. ते मी तिला सांगितलंच नाही.

लिहिताना ती ‘ऑल्दो’नं वाक्य सुरू करायची आणि मध्यावर हमखास ‘बट’ घालायची. ‘बिकॉज’ आला की पाठोपाठ ‘सो’. चिनीत या शब्दांच्या जोड्याच असतात. मला हसू आलं, कारण सांगलीला आमच्या वर्गातली अर्धी मुलं हेच लिहायची. आपल्याकडेही जरीला तरी लागतो! आणि ‘काल आलेला पाहुणा’ हे चिनीतही आपल्यासारखंच, आधी काल आलेला, मग पाहुणा. त्यामुळे लांबलचक इंग्रजी वाक्यात ‘हू’ किंवा ‘विच’नंतरचा लोंबता भाग कुठे टांगायचा, हे कोडं तिला पडायचं तसंच एके काळी तर्खडकरांच्या पुस्तकांवरून इंग्रजी शिकलेल्या आम्हा मंडळींनाही पडलेलं. जन्मापासून इंग्रजी बोलणारा शिक्षक अशा चुका लाल शाईनं खोडतो. त्या कुठून येतात हे त्याला सहसा ठाऊक नसतं. या एका बाबतीत माझं सांगलीचं इंग्रजी वरचढ ठरलं.

पाठांतराला हल्ली कुणीही नावं ठेवतं. मला ते पटत नाही. चीनमध्ये प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलं 3000 च्या आसपास अक्षरं ओळखायला शिकतात आणि त्यातली बहुतेक हातानं लिहूनही दाखवतात. ही तयारी असलेल्या मुलीची स्मरणशक्ती वाया घालवायची कशाला? मी फक्त वहीतली मांडणी बदलली. सुटा शब्द लिहायचा नाही, त्याच्या सोबत्यांसकट लिहायचा. दिवा ‘ऑन’ करतात, दार ‘ओपन’. चिनीत दोन्हीला एकच क्रियापद, त्यामुळे ती ‘ओपन द लाइट’ म्हणायची. पंचाईत अशी की इथल्या रस्त्यावरही लोक सर्रास तसंच म्हणतात. ज्या देशात 1987 पासून सगळ्या शाळांचं माध्यम इंग्रजी आहे, तिथे 2000 साली सरकारला नीट इंग्रजी बोला म्हणून मोहीम काढावी लागली ती उगाच नाही. खालचा फळवाला असं बोलतो मग माझंच का चुकतं, असं ती विचारायची. फळवाला परीक्षेला बसणार नाहीये, एवढंच मी म्हणत असे.

आईचं इंग्रजी वेगळंच. ‘ही हॅज फीवर,’ असा फोन आला की आजारी पडलेला मुलगा कोण, हे आधी ताडायचं. बोलण्यात तो आणि ती दोघांनाही चिनीत ‘था’. लिहिताना मात्र फरक आहे, आणि ‘ती’साठीचं आजचं अक्षर 1920 च्या सुमारास लिउ बान्नोंग या कवीनं पुढाकार घेऊन रूढ केलं. आपल्यासारखी खुर्चीलाही स्त्रीलिंगी करणारी माणसं हे ऐकून चाटच पडतात.

सगळ्यात चिवट सवय फोनची. अनोळखी शब्द आला की बोट डिक्शनरीवर. पहिल्या वाचनात फोन माझ्या पिशवीत, अशी अट घातली. शिवाय लिफ्टजवळ चार भाषांत सूचना लागतात, इंग्रजी, मलय, चिनी, तमिळ. तिची नजर थेट चिनीकडे. तशी पत्रकं घरी आली की मी चिनी भाग दुमडून तिच्या हातात द्यायचे. पाणी कधी बंद राहणार हे कळल्याशिवाय बादल्या भरता येत नाहीत, तेव्हा माणूस अंदाज बांधायला आपोआप शिकतो.

तिला शाळा मिळाली, पण वयाच्या मानानं एक वर्ग खाली. इथे ते नेहमीचंच, तरी आईला दोन घास गोड लागेनात. मुलीला त्याचं काही नव्हतं. पहिल्या चाचणीचा पेपर घेऊन ती तरातरा आली. म्हातारी हसली ती आनंदानं की लाजून, या प्रश्नाला बाईंनी मार्क कापला होता आणि आपलंच बरोबर असं हिचं म्हणणं. मी उतारा वाचला. दोन्ही अर्थ निघत होते. म्हटलं, उद्या हेच बाईंना सांग, इंग्रजीत. ती तिथेच बसून वाक्यं जुळवायला लागली, आणि सुरुवात ‘ऑल्दो’नं केली.