डब्यांमागची बाटली

आमच्या घरात बाटलीचं नावही कुणी काढत नसे. माझा धाकटा भाऊ दारूपायी चाळिशीतच गेला. तेव्हापासून माझी शपथ, ती वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. पुढं मुलगा नोकरीसाठी व्हिएन्नाला गेला, धारवाडची सून आली, तरी शपथ कायम.

गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले. बेळगावहून नेलेलं ज्वारीचं पीठ ठेवायला कपाट उघडलं, तर डब्यांमागं तांबड्या वाइनची बाटली! मुलगा चोरी पकडल्यासारखा उभा. रागापेक्षा मला वाईट वाटलं. भाऊही असाच लपवायचा. म्हटलं, "वर ठेव ती. आणि काय आहे ते नीट सांग."

त्यानं सांगितलं. द्राक्षाचं नाव त्स्वायगेल्ट. व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्गच्या द्राक्षशाळेत १९२२ साली फ्रिट्झ त्स्वायगेल्ट यांनी दोन जातींच्या संकरातून ते तयार केलं. आज ऑस्ट्रियात तांबड्या द्राक्षांत त्याचीच लागवड सर्वांत जास्त. तिथल्या गार रात्रींमुळं द्राक्षात आंबटपणा टिकतो. त्यामुळं वाइन हलकी, चेरीच्या चवीची, तुरटपणा बेताचा. किंमत सहा युरो.

त्या रात्री मी भरली वांगी, भाकरी आणि शेंगाचटणी केली होती. सुनेनं चटणीवर एक घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी! "अत्ती, खारा भाळ आतरी!" मद्यानं तिखट जास्तच भाजतं, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या खेपेला वांग्यात तिखट निम्मं घातलं, दाण्याचं कूट आणि तीळ वाढवले. मुलानं बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली. ही तांबडी वाइन जरा गारच बरी लागते म्हणे. या वेळी जमलं. वांग्याचं तेल आणि दाण्याचा जडपणा त्या आंबट घोटानं हलका होतो, असं दोघं म्हणाली. तिकडं मटणाच्या रश्श्याबरोबर, धुरी दिलेल्या चीजबरोबरही ती घेतात.

रविवारी ती मला शहरालगतच्या द्राक्षमळ्यात घेऊन गेली. दारावर पाइनची फांदी टांगलेली. म्हणजे मळेवाल्याची स्वतःची वाइन मिळते, अशी खूण. तशी विक्री करायची मुभा सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ साली दिली. बाकांवर आजोबा, नातवंडं, सगळी एकत्र. पुढ्यात पाव, चीज, मांसाचे गार काप. मी द्राक्षाचा रस घेतला.

मी घोटही घेतला नाही, घेणारही नाही. त्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, आणि दारू ती दारूच, हे मी मुलाला स्पष्ट सांगितलं. त्यानंही मुकाट्यानं मान हलवली. पण भावाला मी एकदा तरी समोर बसवून विचारलं असतं, तर? ते राहूनच गेलं.

निघायच्या दिवशी डबे भरायला कपाट उघडलं. मागं काही नव्हतं. बाटली टेबलावर होती, मिठाच्या वाटीशेजारी.